बेडूक पाण्यात उडी मारतो ती जागा

१९३२ साली ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या जर्मन नियतकालिकात एक लेख छापून आला. जगभरातले भौतिकशास्त्रज्ञ त्या काळात या नियतकालिकाच्या अंकाची वाट बघत असत, कारण पुंजयांत्रिकीचे बरेच ताजे शोध तिथे यायचे. या लेखात मात्र शोध नव्हता. होते ते प्रश्न. पुंजयांत्रिकीविषयी काही चौकशीवजा प्रश्न, असंच त्याचं शीर्षक होतं. विचारणारे होते हॉलंडमधल्या लायडेन विद्यापीठाचे पॉल एरनफेस्ट. वय ५२. वीस वर्षं ते तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि आइनस्टाइन आणि बोर हे दोघेही त्यांचे जिवलग मित्र होते.

त्यातला एक प्रश्न असा. उणे एकचं वर्गमूळ, ज्याला गणितात ‘आय’ म्हणतात, ते श्रोडिंगरच्या समीकरणात नेमकं काय काम करतं? निसर्गाचं वर्णन करताना या काल्पनिक संख्येवाचून आपलं का अडावं?

एरनफेस्टांचा हा प्रश्न वाचण्याआधीच मी तो ऐकला होता. एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. टी.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात फळ्यावर श्रोडिंगरचं समीकरण लिहून मी मागे वळले, तर दुसऱ्या बाकावरची मुलगी हात वर करून उभी. “मॅडम, मोजपट्टीवर आय कधीच दिसत नाही. मग समीकरणात कशाला आलाय?” तास संपायला दहा मिनिटं होती, पोर्शन मागे पडला होता. मी म्हणाले, “ते तसंच असतं, पुढे लिहून घे.” तिने मान खाली घालून लिहून घेतलं. पुढे वर्षभर तिने हात वर केला नाही.

निवृत्तीनंतर मुलीने मला मार्टिन क्लाइन यांनी लिहिलेलं एरनफेस्टांचं चरित्र आणून दिलं. १९७० सालचं पुस्तक. तो पहिला खंड, दुसरा कधी आलाच नाही. माझी मुलगी नोकरीनिमित्त अॅम्स्टेलव्हेनला असते. तिच्याकडे गेले तेव्हा मी एकच हट्ट धरला, मला लायडेनला ने.

लायडेनच्या बोअरहाव्ह संग्रहालयात विज्ञानाचा इतिहास जपलेला आहे. बाहेरच्या भिंतीवर आइनस्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं समीकरण मोठ्या अक्षरात रंगवलंय. आत कामरलिंग ओनेस यांची यंत्रं आहेत, ज्यांनी १९०८ साली याच गावात पहिल्यांदा हेलियम द्रवरूप केला. आणि याच संग्रहालयाकडे एरनफेस्टांची कागदपत्रं आहेत. वह्या, रोजनिशी, आणि पत्रं, किती तरी पत्रं. आइनस्टाइन, बोर, लॉरेंट्झ, झोमरफेल्ड, रशियातले योफे, असे सगळे त्यात आहेत. १९६०च्या दशकात पुंजभौतिकीच्या इतिहासाची साधनं गोळा करण्याचा मोठा प्रकल्प झाला, तेव्हा यातल्या बऱ्याच कागदांची मायक्रोफिल्म निघाली. १९७७ साली ब्रूस व्हीटन यांनी संग्रहाची सूची केली.

मी काही ते कागद हाताळायला गेले नव्हते. संशोधकाचं काम संशोधकाने करावं. पण क्लाइन यांचं पुस्तक वाचल्यापासून त्या वह्यांची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एरनफेस्ट आपल्या नोंदींना क्रमांक घालायचे. मनात आलेली शंका, वाचताना अडलेली जागा, कुणाशी तरी बोलताना सुचलेलं काही, प्रत्येकाला क्रमांक. ते क्रमांक हजारांत जातात. आपण किराणा मालाची यादी करतो, देणेकऱ्यांची करतो. या माणसाने आपल्याला काय कळलं नाही याची यादी आयुष्यभर चालवली, आणि ती फेकून दिली नाही.

आता माणूस कसा होता ते सांगते. जन्म १८ जानेवारी १८८०, व्हिएन्ना. ज्यू कुटुंब, वडिलांचं किराणा दुकान. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. विद्यापीठात त्यांना लुडविग बोल्ट्झमान गुरू लाभले. मधली दोन वर्षं गॉटिंगेनला काढली. तिथे तात्याना अफनासिएवा ही रशियन गणिती तरुणी त्यांना वर्गात दिसे, पण गणित मंडळाच्या बैठकीला कधी दिसेना. त्यांनी कारण विचारलं, तर कळलं की बायकांना तिथे प्रवेश नाही. ते भांडले आणि तो नियम बदलून घेतला. १९०४ साली दोघांचं लग्न झालं. ऑस्ट्रियाच्या कायद्यात ज्यू आणि ख्रिस्ती यांचं लग्न होत नसे, म्हणून दोघांनीही आपापला धर्म सोडल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं.

त्याचे परिणाम त्यांनी भोगले. १९०७ पासून पाच वर्षं पीटर्सबर्गमध्ये कायमची नोकरी नाही. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं मी पाहिली आहेत. दर जूनमध्ये त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते ज्याने पाहिलंय, त्याला या पाच वर्षांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. १९१२च्या सुरुवातीला एरनफेस्ट नोकरीच्या शोधात युरोपभर फिरले आणि प्रागला पोहोचले. रोजनिशीत नोंद आहे की स्टेशनवर आइनस्टाइन सपत्नीक उभे, तोंडात चिरूट. तिथून थेट कॉफीच्या दुकानात, आणि तिथून भौतिकशास्त्रात. दोघांनी मिळून ब्राम्स वाजवला, आइनस्टाइन व्हायोलिनवर आणि एरनफेस्ट पियानोवर. आइनस्टाइन प्राग सोडणार होते आणि आपल्या जागी एरनफेस्ट यावेत अशी त्यांची इच्छा होती. अट एकच, अर्जात कोणता तरी धर्म लिहायला हवा. मित्राने परोपरीने सांगून पाहिलं. पाच वर्षं कायमची नोकरी नसलेला, दोन मुलींचा बाप असलेला हा माणूस ‘नाही’ म्हणाला.

आणि मग त्याच वर्षी लायडेनहून हेंड्रिक लॉरेंट्झ यांचं पत्र आलं. लॉरेंट्झ म्हणजे त्या काळच्या भौतिकशास्त्रातले भीष्माचार्य. त्यांना आपल्या जागी माणूस हवा होता. झोमरफेल्ड यांनी त्यांना कळवलं होतं की एरनफेस्ट उस्तादासारखं शिकवतात, अवघडातली अवघड गोष्ट चित्रासारखी डोळ्यांपुढे उभी करतात. निवड झाली. ४ डिसेंबर १९१२ रोजी एरनफेस्टांनी लायडेनमध्ये पहिलं जाहीर व्याख्यान दिलं.

त्यांच्या शिकवण्याच्या हकिकती त्यांच्या विद्यार्थ्यांनीच लिहून ठेवल्या आहेत. दर बुधवारी संध्याकाळी चर्चासत्र असे. तिथे हजेरी घेतली जाई, शाळेसारखी. बाहेरून आलेला पाहुणा कितीही मोठा असो, दोन वाक्यं झाली की एरनफेस्ट त्याला थांबवत. याचा मुद्दा काय? हे इथून इथे कसं आलं? पाहुण्याला जे गुळगुळीत बोलून पुढे सटकायचं असे, नेमकं तिथेच ते बोट ठेवत. अशा जागेसाठी त्यांचा एक लाडका शब्दप्रयोग होता, बेडूक पाण्यात उडी मारतो ती जागा. आपण म्हणतो ना, घोडं इथे पेंड खातं! तीच ती. गणिताच्या पंचवीस ओळींमधली एकच ओळ अशी असते जिथे खरी गोष्ट घडते, बाकीच्या चोवीस ओळी म्हणजे काठावरून चालणं. विद्यार्थ्याने ती एक ओळ ओळखावी यासाठी त्यांचा जीव तुटे.

एका वेळी ते प्रामुख्याने एकाच विद्यार्थ्याबरोबर काम करत, जवळजवळ रोज दुपारी, तासन् तास. समजलं नाही तर समजलं नाही असं विद्यार्थ्यासमोर मोकळेपणाने म्हणत. एवढ्या तासांच्या कामाने थकून सुरुवातीला विद्यार्थी घरी जाऊन अंथरुणावर पडत असे. वर्षभराने तोच विद्यार्थी त्यांना उलट प्रश्न विचारू लागे.

एक उदाहरण देते, कारण ते मी स्वतः वर्गात करून पाहिलंय. बोल्ट्झमान यांच्या सिद्धांतावर तेव्हा मोठा आक्षेप होता. अणूंचे नियम तर मागेपुढे सारखेच चालतात, मग गरम चहा गार का होतो? गार झालेला आपोआप गरम का होत नाही? १९०७ साली एरनफेस्ट पतिपत्नीने यावर एक साधा खेळ मांडला. तो पुढे दोन कुत्रे आणि त्यांच्या पिसवा या नावाने प्रसिद्ध झाला. प्रत्येक पिसवेला क्रमांक. चिठ्ठी काढायची, जो क्रमांक निघेल ती पिसू या कुत्र्यावरून त्या कुत्र्यावर उडी मारणार. बस, एवढाच नियम.

मी पिसवांऐवजी चिंचोके घेतले. सहा चिंचोके, त्यांवर खडूने एक ते सहा आकडे, दोन वाट्या आणि एक फासा. सुरुवातीला सगळे चिंचोके डाव्या वाटीत. फासा टाकायचा, जो आकडा पडेल तो चिंचोका दुसऱ्या वाटीत. पहिल्या दोन-चार फेकींत चिंचोके भराभर उजवीकडे जातात, कारण डावीकडे जास्त आहेत म्हणून त्यांचेच आकडे जास्त पडतात. मग तीन-तीनच्या आसपास घोटाळत राहतात. सगळे सहाच्या सहा परत डावीकडे येतात का? येतात. हिशोब असा की सरासरी ६४ फेकींत एकदा. आमच्या वर्गात एका गटाला बाराव्याच फेकीला ते साधलं आणि पोरांनी बाकं वाजवली, दुसरा गट तास संपेपर्यंत फासा टाकत बसला.

आता सहाऐवजी शंभर चिंचोके घ्या आणि सेकंदाला एक चिठ्ठी काढा. सगळे परत डाव्या वाटीत यायला सरासरी जितकी वर्षं लागतील ती विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयाच्या जवळपास तीन लाख कोटी पट भरतात. आणि चहाच्या कपात शंभर रेणू नसतात, अब्जांचे अब्ज असतात. नियम दोन्ही दिशांनी सारखाच आहे, तरी चहा गारच होतो. बोल्ट्झमान यांचं सगळं म्हणणं त्या दोन वाट्यांत मावतं. त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, सगळे परत येतात ते दर वेळी सम फेकीलाच येतात.” वर्ग गप्प झाला. प्रत्येक फेकीत एकच चिंचोका हलतो, म्हणून डावीकडची संख्या आलटूनपालटून सम, विषम, सम अशी होते, त्यामुळे सहावर परतायला सम फेकीच लागतात. हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या टिपणांतही नव्हतं. बेडकाची उडी त्या पोराने पाहिली होती.

१९१७ साली एरनफेस्टांनी एक निबंध लिहिला, त्याचंही शीर्षक प्रश्नाचंच: अवकाशाला तीन मिती आहेत हे भौतिकशास्त्राच्या मूलभूत नियमांतून कसं दिसून येतं? पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, हे तीनच का, असा प्रश्न पडायलाही धाडस लागतं. त्यांनी दाखवलं की चौथी मिती असती तर अंतराबरोबर गुरुत्वाकर्षण वेगळ्या दराने कमी झालं असतं आणि ग्रहांच्या कक्षा टिकल्याच नसत्या. जरासा धक्का बसला की पृथ्वी एक तर सूर्यात कोसळली असती, नाही तर कायमची दूर निघून गेली असती. आपण इथे आहोत, दर वर्षी पाडवा येतो, त्याचं एक कारण तीन या आकड्यात आहे.

त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं वाचताना ऊर भरून येतो. बर्गर्स, क्रामर्स, काझिमिर. यान टिनबर्गन यांनी भौतिकशास्त्राची पद्धत अर्थशास्त्राला लावून त्यांच्याकडे १९२९ साली प्रबंध केला. पुढे १९६९ सालचं अर्थशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यांना विभागून मिळालं. गॉटिंगेनमध्ये खचून गेलेला तरुण एन्रिको फेर्मी १९२४ साली काही महिने लायडेनला आला. तू चांगला भौतिकशास्त्रज्ञ आहेस, हे एरनफेस्टांच्या तोंडून ऐकून तो सावरला.

आणि उलेनबेक व गाउडस्मिट. १९२५ साली या दोन पोरांना कल्पना सुचली की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरतो असं मानलं तर वर्णपटातली कोडी सुटतात. एरनफेस्टांनी त्यांना छोटं टिपण लिहायला सांगितलं आणि म्हणाले, लॉरेंट्झ यांनाही विचारा. लॉरेंट्झ निवृत्त असले तरी दर सोमवारी सकाळी लायडेनला व्याख्यान द्यायला येत. त्यांनी गणित मांडून दाखवलं की असं असेल तर इलेक्ट्रॉनच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या कैक पट निघतो, म्हणजे अशक्य. पोरं धावत एरनफेस्टांकडे आली, टिपण मागे घ्या. ते म्हणाले, मी तर कधीच पाठवून दिलंय, तुम्ही दोघं एखादा मूर्खपणा परवडण्याइतके तरुण आहात. इलेक्ट्रॉनचा स्पिन आज पदवीच्या पुस्तकात आहे, इस्पितळातल्या एमआरआयमागे अणुगर्भाचा तसाच स्पिन आहे. शिक्षकाने योग्य वेळी उत्तराची वाट न पाहता पाकीट टपालात टाकलं, ही गोष्ट मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते.

आपल्या देशाशीही त्यांचा एक धागा आहे. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून पाठवलेल्या लेखावरून आइनस्टाइनने वायूचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यात नेमकी गोम कुठे आहे ते एरनफेस्टांनी दाखवलं. या मोजणीत कण एकमेकांपासून स्वतंत्र मानलेलेच नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. पुढच्या, १९२५ सालच्या लेखात आइनस्टाइनने एरनफेस्टांचं नाव घेऊन तो मान्य केला. बोस यांच्या कल्पनेतली खरी विलक्षण गोष्ट उजेडात आली ती अशी.

लायडेनमध्येच एरनफेस्टांचं घर आहे. विटे रोझेनस्ट्राट, म्हणजे पांढऱ्या गुलाबांची गल्ली. क्रमांक ५७. हे घर तात्याना यांनी स्वतः आखलं होतं. आता तिथे दुसरी माणसं राहतात, म्हणून मी समोरच्या पदपथावरूनच पाहिलं. चर्चासत्राला आलेल्या पाहुण्यांना एरनफेस्ट आतल्या भिंतीवर सही करायला लावत. आइनस्टाइन, बोर, श्रोडिंगर, डिरॅक, पाउली, सगळ्यांच्या सह्या त्या भिंतीवर. त्या काळी या घरात दारू नाही, सिगारेट नाही, मांसाहार नाही. याच घरात १९२५च्या डिसेंबरात आइनस्टाइन आणि बोर शेजारी शेजारी विचारात बुडून बसले होते, आणि एरनफेस्टांनी त्यांचे फोटो काढले. ते फोटो आज जगभर छापले जातात, काढणाऱ्याचं नाव क्वचितच कुणी वाचतं.

जो माणूस इतरांना इतका धीर देई त्याला स्वतःला मात्र आपण काहीच नाही असं वाटे. नवं पुंजशास्त्र अतिशय वेगाने पुढे निघालं. तरुण पोरं समीकरणं करत सुटली, आणि ज्याला प्रत्येक पायरी स्वच्छ दिसल्याशिवाय पुढे पाऊल टाकवत नसे तो मागे पडू लागला. ऑगस्ट १९३२ मध्ये त्यांनी बोर, आइनस्टाइन आणि आणखी काही मित्रांना उद्देशून निरोपाचं पत्र लिहिलं. पाठवलं नाही. पुढच्या वर्षी जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यू शास्त्रज्ञांना कुठे कुठे आसरा मिळवून देण्यासाठी ते धडपडत होते. २५ सप्टेंबर १९३३ रोजी अॅम्स्टरडॅममध्ये त्यांनी आपल्या धाकट्या मुलावर, पंधरा वर्षांच्या वासिलीवर गोळी झाडली आणि मग स्वतःवर. वासिलीला डाउन सिंड्रोम होता. या मुलाचा काही दोष नव्हता, आणि त्याच्या बापावर माझी कितीही भक्ती असली तरी हे मला लिहायलाच हवं. आइनस्टाइनने मृत्युलेखात लिहिलं की आपल्या व्यवसायात आपण पाहिलेला हा सर्वोत्तम शिक्षक, आणि स्वतःच्या उणेपणाची जाणीव त्याला सतत पोखरत होती.

न पाठवलेल्या त्या पत्राच्याच वर्षी तो प्रश्नांचा लेख छापला गेला, हे मी कधी विसरू शकत नाही. असे प्रश्न निरर्थक म्हणून झटकले जातात हे त्यांना ठाऊक होतं. कुणी तरी विचारायला हवेत म्हणून त्यांनी ते विचारले. आणि वोल्फगांग पाउली यांनी, ज्यांच्या जिभेला सगळे चळचळा कापत, १९३३ साली त्याच नियतकालिकात त्याच शीर्षकाचा लेख लिहून उत्तर दिलं. थट्टा नाही, टोमणा नाही.

मग मीही माझं देणं फेडायला बसले. माझी ती विद्यार्थिनी आता एका शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीत घरी आली तेव्हा मी तिला म्हणाले, “तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय, गं.” आमच्या ओट्यावर झोपाळा आहे. तो मी ढकलला. टोकाला गेला की क्षणभर थांबतो, तिथे वेग शून्य. मधे येतो तेव्हा सरकलेलं अंतर शून्य, पण वेग सगळ्यात जास्त. म्हणजे झोपाळ्याची अवस्था एका आकड्यात सांगताच येत नाही, अंतर आणि वेग असे दोन लागतात. दोघांच्या वर्गांची योग्य मापात बेरीज केली की ऊर्जा मिळते, आणि ती पूर्ण झोक्यात तेवढीच राहते. इलेक्ट्रॉनच्या लाटेचंही असंच आहे. तिलाही दोन आकडे लागतात, एक घटतो तेव्हा दुसरा वाढतो, आणि दोघांच्या वर्गांची बेरीज म्हणजे इलेक्ट्रॉन तिथे सापडण्याची शक्यता. सगळीकडची मिळून ती कायम एकच राहते. आय हा त्या दोन आकड्यांना एकत्र बांधणारा दोर.

ती बराच वेळ झोपाळ्याकडे बघत राहिली. फराळाची ताटली तशीच. मग म्हणाली, “दोन लागतात हे पटलं, मॅडम. पण दोनच का? तीन किंवा चार का नकोत?”

मी आत जाऊन वही आणली. प्रश्न तिच्याच अक्षरात लिहून घेतला. तिने खाली तारीख घातली, मी शेजारी क्रमांक.